दिवाणजी, जमेची बाजू तुम्ही दाखवलीत

आदरणीय दिवाणजी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र खरं तर तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. पण तुमच्यासमोर बसलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि तुम्हीही "असू दे बाबू" म्हणून विषय बदलता. म्हणून आज चारचौघांच्या देखत लिहितोय. तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत ते लोकांना कळावं, आणि ज्यांची गोष्ट सांगून केलंत त्या गांधीजींच्या सोबत्याबद्दल, वर्ध्याच्या व्यापारी जमनालाल बजाजांबद्दलही चार शब्द कळावेत, एवढीच इच्छा आहे.

बाबा गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. कापसाची अडत, सरकी-ढेपेचं दुकान आणि स्टेशनकडचा एक प्लॉट, एवढीच इस्टेट. दुकान दादाने सांभाळलं होतं, मी नोकरीला पुण्यात. तरी भांडवल बाबांचं म्हणून मला निम्मं हवं होतं. शिवाय अख्खा प्लॉट हवा होता. माझ्या शिक्षणापेक्षा दादाच्या लग्नावर जास्त पैसा गेला, हे मी वीस वर्षं मनात धरून बसलो होतो. वकिलाची नोटीस टाइप होऊन माझ्या बॅगेत पडली होती. आई दोघांपैकी कोणाच्याच घरी पोटभर जेवत नव्हती.

रविवारी सकाळी तुम्ही आलात. आमच्या दुकानाच्या गादीवर उभा जन्म काढलेले तुम्ही, पण त्या दिवशी भांडणाबद्दल अवाक्षरही काढलं नाहीत. म्हणालात, "बाबू, गाडी काढ. वर्धेला जाऊन येऊ."

वर्धेच्या वाटेवर तुम्ही १९०७ सालची गोष्ट काढलीत. तोवर बजाज म्हटलं की मला फक्त स्कूटर माहीत होती. राजस्थानात सीकरजवळ काशी का बास नावाच्या खेड्यात ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जन्मलेलं हे पोर. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्याला नातू म्हणून दत्तक आणलं, तेव्हा ते पाचेक वर्षांचं होतं. पुढे १७ व्या वर्षी एका लग्नाला जाताना आजोबा म्हणाले, दागिने घाल. नातवाने नकार दिला. म्हाताऱ्याचा संताप झाला आणि पैशावरून नको ते बोलून गेला. त्यावर त्या मुलाने सरळ स्टँपपेपर घेतला आणि लिहून दिलं, की तुमच्या मालमत्तेवर माझा काही हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी मी निघालो. पत्रात चिडचिड नव्हती, उलट आजोबांनी आपला पैसा दानधर्मात घालवावा अशी विनंती होती. आजोबांनी समजूत घालून त्याला परत आणलं आणि त्याच वर्षी ते वारले. सगळी दौलत याच्याच हातात आली.

इथे तुम्ही मला गाडी बाजूला घ्यायला लावलीत. म्हणालात, आता पुढचं नीट ऐक. त्याने वारशात आलेल्या रकमेचा हिशोब केला, त्यावर व्याज लावलं, आणि तेवढी रक्कम लोककार्यात देऊन टाकली. आपण नाही म्हणून लिहून दिलेली गोष्ट आपली कशी होईल, असा त्याचा साधा हिशोब.

मी म्हणालो होतो, "दिवाणजी, त्यांचं ठीक आहे, ते मोठे लोक." तुम्ही गप्प बसलात. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. १७ वर्षांच्या पोराने तो कागद लिहिला तेव्हा तो कुठला मोठा होता?

वर्ध्यात तुम्ही आधी लक्ष्मीनारायण मंदिरात नेलंत. हे बच्छराजांचं, म्हणजे घरचंच देऊळ. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते दलितांसाठी उघडलं. स्वजातीयांचा रोष घेतला, सनातन्यांच्या धमक्या सोसल्या, पण दार उघडलं. नाशिकला काळारामाच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला तो मार्च १९३० मध्ये, आणि तो वर्षानुवर्षं चालूनही दार काही उघडलं नाही. हे आठवलं की वर्ध्याच्या त्या पायरीचं मोल समजतं. तुम्ही चपला काढून पायरीला हात लावलात आणि म्हणालात, "आजोबांनी बांधलं ते नातवाने फेडलं." तेव्हा त्या 'फेडलं'चा अर्थ मला लागला नव्हता.

तो अर्थ वर्ध्याच्या गोपुरीला लागला, जमनालालजींची शेवटची झोपडी होती तिथे. झाडाखाली बसून तुम्ही पिशवीतून लाल बासनाची कोरी वही काढलीत. तिच्या पानाला रेघा नसतात, सळ म्हणजे उभ्या घड्या असतात. अंगठ्याच्या नखाने तुम्ही पानाचे सळ पाडलेत, एकेक दाबून. वर 'श्री' लिहिलंत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मग विचारलंत, "बाबांनी तुला काय काय दिलं? सांग, मी लिहितो."

शाळेची फी, होस्टेल, टायफॉइडचा दवाखाना, पुण्याच्या खोलीचं डिपॉझिट, बारशाला नातीच्या हातात ठेवलेलं सोनं. मी सांगत गेलो, तुम्ही डाव्या बाजूला लिहीत गेलात. मला वाटत होतं, ही माझी जमा. पान भरलं तेव्हा तुम्ही बोट ठेवून विचारलंत, हे कुणाच्या खात्यावर जमा आहे? वर नाव बाबांचं होतं. ज्याच्याकडून आलं त्याच्या नावावर जमा, म्हणजे तेवढं आपण त्याचं देणं लागतो. दुकानदाराचा मुलगा असून एवढी साधी गोष्ट मला तोवर कळली नव्हती. उजवी बाजू कोरीच होती. तुम्ही ती तशीच ठेवून वही माझ्या मांडीवर दिलीत.

त्यानंतर मी जमनालालजींबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, आणि मला सगळीकडे तुमचीच वही दिसायला लागली. इंग्रजांनी त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं, रायबहादूर केलं. मध्य प्रांतातल्या व्यापाऱ्याला आणखी काय हवं असतं? पण १९१५ नंतर ते गांधीजींकडे जायला लागले. कापसाचा पुंजका चिमटीत धरून तंतू ओढून पाहावा तसं त्यांनी त्या माणसाला पारखलं, बोलणं आणि वागणं एक आहे का ते पाहिलं. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. तिथेच त्यांनी गांधीजींना, मला तुमचा पाचवा मुलगा माना, अशी गळ घातली. लहानपणी एकदा दत्तक गेलेला हा माणूस तिशी ओलांडल्यावर आपणहून पुन्हा दत्तक जायला निघाला, हे वाचून मला फार भरून आलं. पदवी परत केली. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या घरची चूल चालावी म्हणून टिळक स्वराज्य फंडात १ लाख रुपये दिले. त्या काळच्या १ लाखाचं वजन तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या आग्रहाने विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले. त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी अंगावरचं सोनं उतरवलं, पडदा सोडला. आणि पुढे अनेक वर्षं काँग्रेसचे खजिनदार तेच.

१९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाची हकीकत तर मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा न्यायला बंदी, म्हणून रोज तुकड्या निघायच्या आणि रोज पकडल्या जायच्या. नेतृत्व जमनालालजींचं. त्यांना १८ महिन्यांची सजा आणि ३,००० रुपये दंड झाला. दंड भरला नाही म्हणून सरकारने मोटार जप्त करून लिलावाला काढली, तर नागपुरात बोली लावायला माणूस मिळेना. लिलाव म्हणजे काय ते आपण रोज मार्केट यार्डात पाहतो, स्वस्तात माल मिळतोय म्हटल्यावर किती हात वर होतात! त्या दिवशी एकही हात वर झाला नाही. व्यापाऱ्याची पत म्हणतात ती हीच, असं मला वाटतं.

पुढे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याची छावणी, पुन्हा तुरुंग. जयपूर संस्थानातल्या प्रजा मंडळाचं काम, तिथेही अटक. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, तेच आजचं सेवाग्राम, आणि तिथली बरीचशी जमीन जमनालालजींचीच होती. शेवटी ते गोपुरीला झोपडी बांधून गोसेवेत रमले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी गेले. 'छोडो भारत' अजून सहा महिने लांब होतं. स्वातंत्र्य त्यांना पाहायला मिळालं नाही, याचं दुःख मला स्वतःच्या घरातल्या माणसाबद्दल व्हावं तसं होतं.

दिवाणजी, त्या रविवारी परतताना मी दादाच्या दारात गाडी थांबवली. तुम्ही उतरला नाहीत. आत जाऊन मी फक्त वही त्याच्यासमोर ठेवली. बराच वेळ तो डाव्या बाजूवर बोट फिरवत होता. मग म्हणाला, "डिपॉझिटचं मला माहीतच नव्हतं." आणि मला माहीत नव्हतं, की त्याच वर्षी बाबांकडे पैसे कमी पडले म्हणून त्याने स्वतःची मोटरसायकल विकली होती. ती रक्कम दादाच्या नावे जमा करून घ्यायला मी कुठलं पान उघडू, ते त्या रात्री मला कळेना. आईने दोघांना एकाच ताटात वाढलं.

नोटीस फाडली. दुकान दादाकडेच आहे. प्लॉट आईच्या नावावर केला. दिवाळीला वहीपूजन दोघं मिळून करतो, आणि तुमची ती वही आम्ही पूजेत ठेवतो. उजव्या बाजूला आता काही ओळी आल्या आहेत. बाजारातल्या एका हमालाच्या मुलीची कॉलेजची फी, यार्डात पाणपोईचा खर्च. फार नाही. डाव्या बाजूशी मेळ बसायला पुष्कळ अवकाश आहे.

तुमचे उपकार मी कुठे लिहू, हे मात्र अजून ठरत नाही. तुम्ही रोजमेळ बंद केल्याशिवाय कधी घरी गेला नाहीत आणि पगाराव्यतिरिक्त कधी काही घेतलं नाहीत. म्हणून निदान आभार तरी स्वीकारा. नाही म्हणू नका.

येत्या ११ फेब्रुवारीला दादा आणि मी गोपुरीला जाणार आहोत. आईही येते म्हणाली. सकाळी सातला तुमच्या दारात गाडी घेऊन येतो. तिकडे सकाळचा गारवा असतो, कानटोपी घालून तयार राहा.

तुमचा,
गादीवरचा धाकटा