इंधन महागले तरी मोठी गाडी परत येतेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेट्रोल-डिझेलचे दर चढू लागले की एक ठरावीक बातमी हमखास वाचायला मिळते : मोठ्या गाड्यांचे दिवस भरले, ग्राहक आता लहान गाडीकडे वळणार. आपल्या दैनिकातही ती अधूनमधून येते. माझी नोकरीची बरीच वर्षे वाहनकर्जाच्या कामात गेली. तो अनुभव आणि मोटारींच्या बाजाराचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला की ही बातमी मला अर्धीच खरी वाटते. दर भडकले की मोठ्या गाडीची मागणी पडते, यात शंका नाही. पण काही महिन्यांत ती पुन्हा उठते आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा वर जाते. हा दुसरा भाग छापून येत नाही. त्यामुळे वाचकांचा आणि धोरण ठरवणाऱ्यांचाही असा समज होतो की, मोठ्या गाड्या कमी करण्याचे काम महागाईच परस्पर करून टाकील. या समजाची मला खरोखर काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

२००८ सालाइतके लख्ख उदाहरण दुसरे नाही. त्या वर्षी जुलैमध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले आणि अमेरिकेत पेट्रोलने गॅलनला (सुमारे पावणेचार लिटरला) चार डॉलरचा टप्पा ओलांडला. परिणाम तडकाफडकी दिसला. मे महिन्याच्या विक्रीत होंडा सिव्हिकसारख्या आटोपशीर मोटारीने फोर्डच्या ‘एफ’ मालिकेतल्या पिकअपला मागे टाकले. ही पिकअप तिथे वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होती. जूनच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनी पिकअप आणि एसयूव्ही बनवणारे चार कारखाने बंद करण्याची घोषणा केली. ग्राहकांच्या पसंतीत झालेला हा बदल तात्पुरता नाही, बहुतांशी कायमचा आहे, असे त्यांनी तेव्हा सांगितले. कंपनीच्या हमर या अवजड गाड्यांचे पुढे काय करायचे, ती विकून टाकायची का, याचा विचार चालू असल्याचेही त्याच वेळी जाहीर झाले.

वॅगनर या धंद्यात मुरलेले होते, आकडेवारी त्यांच्यासमोर होती. तरीही डिसेंबर संपता संपता तेल पिंपाला ४० डॉलरच्या खाली उतरले होते. तोवर मंदीने सगळ्याच गाड्यांची विक्री झोपली होती आणि १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. हमर २०१० मध्ये बंदच पडली. मोठ्या गाड्यांचा काळ संपला असे म्हणायला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. पण मंदी ओसरली आणि ये रे माझ्या मागल्या. २०१४ च्या उत्तरार्धात तेल पुन्हा कोसळले, २०१६ च्या आरंभी ३० डॉलरच्या खाली गेले आणि पिकअप-एसयूव्हींना उधाण आले. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या सेडान टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. दहा वर्षांपूर्वी मोठ्या गाडीवर जी वेळ आली होती, ती आता लहान गाडीवर आली. हमरही पुढे विजेवर चालणारी होऊन परतली. आज तिचे वजन चार टनांच्या घरात आहे आणि त्यातली नुसती बॅटरीच तेराशे किलोंच्या वर भरते.

हाच फेरा त्याआधीही फिरला होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली, काही महिन्यांत कच्चे तेल जवळजवळ चौपट महागले आणि अवजड अमेरिकी मोटारींचे ग्राहक जपानी गाड्यांकडे वळले. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून कंपन्यांना मोटारींच्या सरासरी इंधनक्षमतेचे बंधन घातले. १९८५ साठीचे लक्ष्य गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर होते. मात्र मालवाहू प्रकारात मोडणाऱ्या हलक्या ट्रकांसाठी हे बंधन सैल ठेवले गेले आणि एसयूव्हीची गणना त्याच प्रकारात होत राहिली. १९८६ मध्ये तेल पडले, ग्राहकाची भीती गेली आणि नव्वदच्या दशकात कंपन्यांनी याच पळवाटेतून मोठ्या गाड्यांचा पूर आणला. तेल महाग असताना केलेल्या चांगल्या कायद्यात एक फट राहिली आणि तेल स्वस्त होताच ती वेस झाली. धोरणाच्या बाजूने शिकायचे ते इथेच आहे, असे मला वाटते.

आता ग्राहकाकडे वळतो, कारण त्याला मी टेबलाच्या पलीकडे बसलेला पाहिला आहे. कर्ज घ्यायला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असायचा, ‘हप्ता किती बसेल?’ दुसरा, ‘मुदत वाढवली तर?’ गाडी महिन्याला किती इंधन पिईल आणि ती रक्कम हप्त्यात मिळवली तर घरखर्चाला काय उरेल, हे विचारणारा विरळा. दर भडकलेले असत तेव्हा चौकशी करणाऱ्यांची संख्या घटे, मोठ्या गाडीची फाईल अर्ध्यावर थांबे. पण त्यातले बरेच लोक लहान गाडी घ्यायला येत नसत. ते थांबत आणि दर जरासे स्थिरावले की त्याच मोठ्या गाडीसाठी परत येत. दर खाली यायलाच हवेत असेही नव्हते. नवा दर अंगवळणी पडला की पुरे.

ॲव्हरेजच्या हिशेबातही ग्राहक फसतो. लिटरला आठ किलोमीटर देणारी गाडी सोडून दहा देणारी घेतली तर ‘दोनच किलोमीटरचा फरक’ असे वाटते. वीसवरून पंचवीसवर गेलो तर ‘पाचाचा फायदा झाला’ असे वाटते. पण हजार किलोमीटरचा हिशेब मांडून पाहा. आठची गाडी १२५ लिटर घेते आणि दहाची १०० लिटर, म्हणजे वाचले २५ लिटर. वीसची गाडी ५० लिटर घेते आणि पंचवीसची ४०, म्हणजे वाचले १०. सर्वांत जास्त इंधन वाचते ते सर्वांत जास्त पिणारी गाडी थोडी सुधारल्याने, आणि नेमके तेच ‘लिटरला किती’ या मापात दिसत नाही. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात हे सांगण्याची पद्धत आहे. त्या मापात हा फरक कुणालाही एका नजरेत कळतो.

दरवाढीचा खरा भुर्दंड कुणाला बसतो, हेही बातमीत येत नाही. नवी मोठी गाडी घेणारा बहुधा सुस्थितीतला असतो. तो कुरकुरतो आणि भरतो. तीन-चार वर्षांनी ती गाडी जुन्या बाजारात येते. दर चढलेले असले की तिथे तिची किंमत पडते. अमेरिकेत अर्थतज्ज्ञांनी अशा व्यवहारांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की दरवाढीचा परिणाम नव्या गाड्यांच्या बाजारात विक्रीच्या आकड्यांवर होतो आणि जुन्यांच्या बाजारात किमतीवर. त्यामुळे कमी ऐपतीच्या माणसाला ती मोठी गाडी आवाक्यात आलेली दिसते. किमतीत वाचलेले पैसे तो पुढची दहा वर्षे पंपावर मोजत राहतो. टाकी फुल्ल करणे त्याला झेपत नाही, तो थोडे थोडे भरतो, पण गाडी धावत राहते. म्हणजे एकदा कारखान्यातून बाहेर पडलेली मोठी गाडी दरवाढीने रस्त्यावरून जात नाही, तिचा मालक बदलतो. आज विकली गेलेली प्रत्येक अवजड गाडी म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांच्या इंधनाची बांधिलकी आहे.

ज्यांना मोठी गाडी खरोखर लागते त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मोठे कुटुंब, अवघड रस्ते, माल वाहण्याचा व्यवसाय अशी गरज असलेल्यांना पर्याय नसतो आणि दरवाढ त्यांनाच सर्वांत जास्त झोडपते.

२०२२ च्या अनुभवाने तर जुना आडाखाही मोडीत निघाला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर तेल भडकले, जूनमध्ये अमेरिकेत पेट्रोलची सरासरी गॅलनला पाच डॉलरवर गेली. तरीही आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी सुमारे ४६ टक्के एसयूव्ही होत्या आणि पुढच्या वर्षी हे प्रमाण ४८ टक्क्यांवर गेले. याला कारणे आहेत. गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा होता, तेव्हा कंपन्यांनी आपल्याकडच्या चिप जास्त नफ्याच्या गाड्यांना दिल्या. आजच्या अनेक एसयूव्ही मोटारीच्याच सांगाड्यावर उभ्या असल्याने त्यांचे ॲव्हरेज पूर्वीइतके वाईट राहिलेले नाही. तरी ऊर्जा संस्थेच्याच म्हणण्याप्रमाणे सरासरी मध्यम मोटारीपेक्षा एसयूव्ही २०० ते ३०० किलो जड असते आणि सुमारे २० टक्के जास्त तेल खाते. शिवाय लहान गाड्या शोरूममधूनच नाहीशा होत आहेत. फोर्डची फिएस्टा २०२३ मध्ये बंद झाली. ज्याला लहान गाडी घ्यायची आहे त्याच्यापुढे ती ठेवलीच नाही, तर ‘ग्राहकांचा कल मोठ्या गाड्यांकडे’ असे म्हणणे त्या ग्राहकावर अन्यायाचे आहे.

मग उपाय काय? माझ्या मते पंपावरच्या दरावर विसंबण्याऐवजी खरेदीच्या दिवशीच, गाडीचे वजन आणि आकार पाहून आकारणी झाली पाहिजे, आणि तेल स्वस्त झाले म्हणून ती सैल होता कामा नये. जपानने लहान ‘केई’ गाड्यांची मर्यादा आखून दिली आहे : इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर. त्या मर्यादेत बसणाऱ्या गाडीला करात सवलत मिळते. तेलाचे भाव कितीही हिंदकळले तरी तिथल्या नव्या गाड्यांत साधारण एक-तृतीयांश वाटा या लहान गाड्यांचा राहत आला आहे. फ्रान्सने २०२२ पासून १,८०० किलोंहून जड मोटारींवर वजनानुसार कर लावला आणि २०२४ मध्ये ही मर्यादा १,६०० किलोंवर आणली. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट करण्यावर मतदान झाले आणि ते सुमारे साडेचौपन्न टक्के मतांनी संमत झाले. मतदानाला सहा टक्केही लोक आले नाहीत, हे मान्य. पण शुल्क लागू झाले आणि मोठी गाडी रस्त्यावर जी जास्तीची जागा अडवते तिचा मोबदला घेता येतो हे तरी दिसले.

वजनाचा मुद्दा यापुढे अधिकच महत्त्वाचा ठरणार आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला पेट्रोलच्या दराशी कर्तव्यच उरत नाही. दरवाढीचा जो काही चार-सहा महिन्यांचा धाक होता, तोही जाईल. चार टनांची गाडी विजेवर चालली तरी टायर, रस्ता आणि पादचारी यांच्या दृष्टीने ती चार टनांचीच असते. नॉर्वेने २०२३ पासून विजेच्या गाड्यांनाही वजनानुसार कर लावला, तो मला म्हणूनच दूरदृष्टीचा वाटतो.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाडीचा परिचय येतो तेव्हा इंजिनाची ताकद, पडद्याचा आकार, छताची काच यांना जागा मिळते. तिथेच एका चौकटीत गाडीचे वजन, शंभर किलोमीटरला लागणारे इंधन आणि त्या दिवशीच्या दराने पाच वर्षांचा इंधनखर्च छापावा. हा आकडा मासिक हप्त्याच्या शेजारीच असावा. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तो वाचायला मिळाला असता, तर माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणांनी वेगळी गाडी निवडली असती, याची मला खात्री आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक