पहिली फिट: गोळीआधी कारण शोधा

संपादक महोदय,

मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली की कोकणात दोन टोके दिसतात. कुठे कांदा-चप्पल हुंगवून, देवाला गाऱ्हाणे घालून विषय मिटतो. कुठे त्याच संध्याकाळी कायमची गोळी सुरू होते. फिट आली कशामुळे, हे दोन्हीकडे राहून जाते.

दवाखान्यात आधी बोटातून रक्त घेऊन साखर पाहावी. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेल्याला साखर उतरूनही झटके येतात. मग सोडियम, कॅल्शियम आणि ईसीजी. गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला झटके आले तर आधी रक्तदाब बघा. एक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांत, मॅग्नेशियम सल्फेट हे औषध लागते. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. घरचे नेमके हेच लपवतात आणि निदान चुकते. पावसाळ्यात तापाबरोबर फिट आली तर मलेरिया आणि मेंदूज्वर नाही याची खात्री होईपर्यंत घरी सोडू नये.

यात काहीच सापडले नाही तर मेंदूचा एमआरआय (तातडीत सीटी स्कॅन) आणि शक्यतो एक-दोन दिवसांत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख. ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नव्हती असे होत नाही. पाहणाऱ्याची हकीकत जास्त कामाची: सुरुवात एका बाजूने झाली का, जिभेची कड चावली का, भानावर यायला किती वेळ लागला. मोबाइलवर चित्रण असेल तर उत्तमच. उन्हात उभा असताना पांढराफटक पडून कोसळलेला माणूस मिनिटभरात नीट बोलू लागला, तर ती बहुधा चक्कर. तिच्यातही हातपाय थोडे झटकतात.

कारण न सापडलेली फिट दोन वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता 21 ते 45 टक्के. लगेच घेतलेली गोळी ती कमी करते, पण पुढे कायमचे बरे होण्यात तिने फरक पडत नाही. एमआरआय किंवा ईईजीत दोष असेल तर ती सुरू करणेच बरे. एरवी रुग्णाशी बोलून ठरवावे. होडीवर जाणे, माडावर चढणे, एकट्याने पोहणे आणि गाडी चालवणे मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद. गोळी चालू असली तरीही.

झटका चालू असताना कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, झटका किती वेळ चालतो ते घड्याळात बघा. झटका 5 मिनिटांपुढे गेला तर शिरेतून औषध लागते. खाडीपलीकडच्या वाडीत गाडी पोहोचायलाच वेळ जातो, तेव्हा पाच मिनिटे थांबून न बघता 108 ला लगेच फोन करावा.

– एक फिजिशियन, रत्नागिरी जिल्हा