लक्ष्मीताई, गृहलक्ष्मीचे पैसे आले, आता ते ठेवायचे कुठं तेवढं पण सांगा

मा. लक्ष्मी हेब्बाळकर,
महिला व बालकल्याण मंत्री, कर्नाटक सरकार

ताई, नमस्कार. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली, आमच्या गावच्या स्त्री शक्ती संघाचा, म्हणजे बायकांच्या बचत गटाचा, हिशोब मी लिहिते. 2023 च्या ऑगस्टपासून सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यावर यायला लागले, मधे कधी थकतात पण येतात, आणि बाईच्या नावानं पैसा आला की घरात तिला विचारायला लागतात हे आम्ही डोळ्यानं बघतोय. मनापासून आभार.

पण पैसे आले की पुढं काय, हे सांगणारं कोण नाही. पिग्मीवाला, म्हणजे थोडेथोडे पैसे ठेवीसाठी गोळा करणारा, मात्र रोज दारात येतो, ओळखीचा असतो, मराठीत बोलतो, म्हणून बायका विश्वास टाकतात, त्यात त्यांचं काय चुकलं? बँकेत गेलं तर फॉर्म कन्नड नाहीतर इंग्रजीत.

आणि बँक वेगळी, क्रेडिट सोसायटी वेगळी, हेच बहुतेकींना माहीत नाही. बँक बुडाली तर ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्याच एका कंपनीचा, विमा असतो, एका माणसाला एका बँकेत मुद्दल नि व्याज मिळून 5 लाखापर्यंत, फेब्रुवारी 2020 च्या आधी तो 1 लाखच होता. सहकारी बँकेला पण हा विमा आहे. क्रेडिट सोसायटीला नाही, मल्टीस्टेट, म्हणजे दोन-तीन राज्यांत चालणारी असू दे नाहीतर गावातली, बोर्ड कितीबी मोठा असू दे. आमच्याकडच्या एका बाईनं रताळ्याचे आणि गृहलक्ष्मीचे साठवलेले पैसे पोरीच्या लग्नासाठी अशाच एका सोसायटीत ठेवले, व्याज जास्त म्हणून, आता तिथं कुलूप आहे आणि ती ठेवीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसं फिरतेय. पैसे ठेवायच्या आधी एवढी एक गोष्ट तिला कुणी मराठीत सांगितली असती तर?

दुसरं ते 20 रुपये. जूनच्या सुमाराला पासबुकावर 20 रुपये कापल्याची ओळ येते आणि बायका माझ्याकडं येतात, बँकेनं पैसे खाल्ले म्हणून. तो पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघातानं माणूस गेला तर घरच्यांना 2 लाख, साप चावून गेला तरी मिळतात, पण दवाखान्याचा कागद लागतो. 436 कापले असतील तर तो जीवन ज्योती, कशानंही मरण आलं तरी 2 लाख. पण विमा आहे हेच घरात माहीत नसेल तर क्लेम कोण करणार? खाण्यापिण्यातनं काढून भरलेला पैसा तसाच जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, वसुलीच्या जाचाविरुद्ध तुमच्या सरकारनं 2025 मध्ये कायदा आणला, चांगलं झालं. पण सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत हा रिझर्व्ह बँकेचा नियम किती बायकांना माहीत आहे? एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढणाऱ्या बायका मी रोज बघते.

ताई, अंगणवाडी तुमच्या खात्याची, स्त्री शक्ती संघ पण तुमच्याच खात्याचे. महिन्यातनं एक दिवस पोस्टातला नाहीतर बँकेतला माणूस अंगणवाडीत बसवा, मराठी बोलणारा, आणि बायकांनी आपापली पासबुकं घेऊन यायचं. पोस्टात सरकारची हमी असते, महिना हजारची आरडी, म्हणजे दर महिन्याला भरायची ठेव, 5 वर्षं चालवली तर 6.7 टक्के दरानं 60 हजाराचे साधारण 71 हजार होतात, सोसायटीपेक्षा कमी दिसतात पण ते मिळतात. हे त्यानं पाटीवर मांडून दाखवावं, ठेवीची पावती हातात घेऊन हिला विमा आहे का नाही ते सांगावं, विम्याला वारस कोण लावलाय ते बघावं. मोठा कार्यक्रम, हारतुरे काही नको.

सुरुवात उचगाव, हिंडलग्यापासून करा, तुमच्याच मतदारसंघातली गावं आहेत. बायका गोळा करायचं काम आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त खात्यातनं आदेश काढा.

आपली,
स्त्री शक्ती संघातली एक सभासद