दुर्बीण माझ्याकडे आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

दुर्बीण मी घेऊन आले. बाबा दुपारचे झोपले होते, तेव्हा न विचारता गाडीत ठेवली, हे अजून टोचतंय. पण बाबा जिन्यात पडल्यावर महिना होत नाही तोच ती परत गच्चीवर न्यायची तयारी! विकलेली नाही, कुणाला देणारही नाही. बाबा, कडेचा तो टवका तसाच आहे. मी फक्त नळी पुसली, तुम्ही घासलेल्या आरशाला बोटही लावलेलं नाही.

त्याऐवजी १० बाय ५० ची बायनॉक्युलर आणि तिपाई ठेवली आहे. एम ८२ दीर्घिकेच्या पोटातल्या काळ्या रेघा तिच्यात दिसणार नाहीत, कबूल. पण शेजारची दीर्घिका एम ८१ आणि एम ८२ मध्ये आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जरासंच जास्त अंतर आहे, त्यामुळे दोघी एकदम दिसतील. मोठ्या दुर्बिणीत तुम्ही सरकवून सरकवून एकेक दाखवायचात.

माझं बोट धरून सप्तर्षीतल्या पुलस्त्य ताऱ्यापासून क्रतूपर्यंत तिरकी रेघ काढायचात, मग तेवढीच पुढे. बोडे या खगोलशास्त्रज्ञाने १७७४ साली शोधलेला तो एम ८१ चा अंधुक ठिपका मला दिसेपर्यंत तुम्ही मान अवघडून उभे. मी मोठीला, एम ८१ ला, आई म्हणायचे आणि बारकीला, एम ८२ ला, मी. मोठीच्या ओढीने बारकीतला वायू ढवळला गेला, म्हणून तिच्यात इतक्या वेगाने तारे जन्मतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी आईच्या कुशीत शिरले होते. जानेवारी २०१४ मध्ये एम ८२ मधला तारा फुटल्याची बातमी आली, तेव्हा तुमचा पहिला फोन मलाच होता. तो प्रकाश तिथून निघून सुमारे १ कोटी २० लाख वर्षं झाली होती, आणि तुम्हाला सकाळपर्यंत थांबवेना!

आता ऐका. गच्चीवर एकट्याने जायचं नाही. पाठीची खुर्ची आधीच वर ठेवून घ्या. जिना चढताना दिवा चालू हवा. वर गेल्यावर मालवा आणि वीस मिनिटं नुसते बसा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने आधी बघा, ठिपक्याच्या किंचित बाजूला नजर ठेवून. आई, गुडघ्यावर शाल घे. चंद्र नसलेली रात्र निवडा.

दिसल्या की फोन करा, कितीही वाजले तरी. आणि बाबा, आधी आईला बघू द्या. दर वेळी तिची पाळी येईपर्यंत ढग यायचे.

तुमची,
बारकी