रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशींना
लेक सव्वा महिन्याची झाली, म्हणून आज लिहायला बसले. बाळंतपणाच्या त्या रात्री गर्भपिशवीचं तोंड 4 सेंटिमीटर उघडून तिथंच अडलं होतं आणि मी उताणी पडून रडत होते. सिस्टरनी बाळाचे ठोके तपासले, म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. ऊठ, चाल. उभं राहिलीस की डोकं खाली सरकतं." मावशी माझ्यासोबत व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिल्या. कळ आली की मी भिंतीला टेकायचे, त्या माकडहाडाच्या वर तळव्याने घट्ट दाबायच्या. मधेच घोटभर पाणी, मग लघवीला पाठवणं. (एरंडेल पाजायचा आत्याबाईंचा बेत दोघींनी हसत हसत मोडला!) पहाटे 5 वाजता मोकळी झाले. गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. मावशी, तो हात कमरेला अजून आठवतो. मनापासून आभार.