कला आणि कायदा : दोन्ही करा, पण एकामागून एक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेकंड पीयूसीचा (कर्नाटकातल्या बारावीचा) निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हा प्रश्न निघतोच : पोरीचा हात चित्रात चांगला, घरच्यांना वकील हवी, दोन्ही एकदम होईल का? ऑस्ट्रेलियात दृश्यकला आणि कायदा अशी जोडपदवी घेता येते. आपल्याकडे तशी तयार वाट नाही, आणि नावामुळे फसगत होते ती वेगळीच. पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.मधलं ‘बी.ए.’ म्हणजे राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. ‘कला शाखा’ म्हणतात म्हणून तिथे कुणी चित्र बघायला शिकवत नाही.

मग सकाळी लॉ कॉलेज, दुपारी चित्रकला महाविद्यालय असा बेत ठरतो. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, हे खरं. पण कायद्याचं शिक्षण वकिलीचं नियमन करणाऱ्या भारतीय बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांवर चालतं आणि त्यातला सहावा नियम आड येतो. एलएल.बी. करताना दुसरी पदवी सोडाच, दुसरा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालत नाही. सूट आहे ती भाषा किंवा संगणकाच्या अल्पमुदतीच्या अर्धवेळ वर्गाला आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातल्या अभ्यासक्रमाला. संध्याकाळचा कलारसग्रहणाचा वर्ग या सवलतीत बसत नाही. तोच विषय दूरशिक्षणातून घेतला तर बसतो.

आमच्या मते आधी चार वर्षांची बी.व्ही.ए. (दृश्यकलेची पदवी) करावी, जमल्यास कलेतिहास घेऊन (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तो विभाग आहे), आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. सात वर्षं जातात, तक्रार नाही. प्रवेशाला पदवीत खुल्या गटासाठी ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४० टक्के लागतात. कोल्हापूरला जी.डी. आर्ट करायला जाणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. ती पदविका आहे आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.ला पदवीच लागते. पाच वर्षं रंगात घालवून हे कळणं फार महागात पडतं. शिवाय एलएल.बी.च्या नियमांत प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी सक्तीची, तेव्हा गणपतीच्या हंगामात महिनाभर मूर्तिशाळेत बसणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा.

या दोन विद्यांची गाठ कुठे पडते, हे पाहायला अथणी-निपाणीची चप्पल पुरेशी आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. आपल्याकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला तसल्याच चपला दाखवल्या, पण नाव लावलं नुसतं ‘लेदर सँडल’. मानांकन राखतं ते मुख्यतः नाव. कान, वेणी, अंगठा, पट्टा यांच्या घाटावर ते मक्ता देत नाही. जुलैमध्ये प्राडाविरुद्ध वकिलांनी केलेली जनहित याचिकाही मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक ते नव्हते. दावा लावायचा तर नोंदणीकृत मालकाने किंवा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्या कारागिराने. उचल नेमकी कशाची झाली, कानाच्या कापाची की वेणीच्या विणीची, हे शब्दांत मांडणं कलेतिहासाचं काम, आणि ते कोणत्या कलमात बसवायचं हे वकिलाचं. दोन्ही येणारा माणूस या भागात शोधून सापडत नाही.

चित्रकारांचे करारही असेच बिघडतात. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिराचा वारसा सांगणाऱ्या बेळगावात पैसे घेऊन व्यक्तिचित्र करून देणं नवं नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ (ब) कलमाप्रमाणे, उलट करार नसेल तर अशा चित्राचा पहिला कॉपीराइट गिऱ्हाइकाचा. इतर चित्रांचे हक्क लेखी लिहून दिले तरच जातात, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांपुरतेच, हे कलम १९. हक्क विकले तरी चित्राची मोडतोड करून बदनामी झाल्यास कलम ५७ चित्रकाराच्या बाजूने उभं राहतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पाच लाख रुपये आणि उरलेले तुकडे परत देवविले, ते याच आधारावर.

तीन वर्षांच्या एलएल.बी.त किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते, एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त नाही. ती सगळी दिवाणी वकिलाच्या टेबलापाशी घालवू नये. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जुनं जैन मंदिर) सांभाळणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडे चार आठवड्यांसाठी अर्ज करून पाहावा. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांत बांधकामबंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच बांधकाम, हा नियम तिथे नकाशावर शिकता येतो. आणि कन्नड लिहायला-वाचायला आत्ताच शिकायला घ्यावं. तालुका कोर्टाचं काम कन्नडमध्ये चालतं, आणि भाषेच्या वर्गाला तर सहाव्या नियमाचीही आडकाठी नाही.

आपले,
कायदा व चित्रकला शिकवणारे दोन वाचक,
खानापूर, जि. बेळगाव