मोहाखालची झाडलोट

धुळे, 22 मार्च

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा मी साक्रीकडच्या जंगलात होतो, म्हणून उत्तराला उशीर. कॉलेजची पोरं श्रमदानाला टिकतात कशी, असं तू विचारलंस. खरं सांगू? पहिली दोन वर्षं टिकलीच नाहीत. जुलैत रोपं लावायची, फोटो काढायचे, राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे 120 तास वहीत भरायचे. मार्चमध्ये पाहावं तर अर्धीअधिक रोपं वाळलेली. चूक माझी होती. हजेरी घेत राहिलो, जंगल दाखवलंच नाही.

मग शिबिरात एका संध्याकाळी रानपिंगळ्याची, त्या छोट्या घुबडाची, हकिकत सांगितली. 1884 नंतर 113 वर्षं तो कुणाला सापडला नव्हता, संपलाच असं धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना दिसला, तोही शहाद्याजवळ! शहाद्याचा एक पोरगा ताडकन उठला, "सर, आम्हना शहादाजोडे?" त्या रात्री झोपलं कोण! हा पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. वणव्यात ते झाड गेलं की घर गेलं. एवढं कळल्यावर "मग आपण काय करायचं?" हे पोरांनीच विचारलं.

वनरक्षकांशी बोलून काम ठरवलं. फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, साफ केली. आता मोह गळतोय. फुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग डोंगरभर जाते. पोटाचा प्रश्न आहे रे, रागावून काय होणार? पोरं पहाटे खराटे घेऊन पाड्यावर जातात, मोहाखालचं झाडून देतात, मग बायांबरोबर फुलं वेचतात. पहिल्या दिवशी आम्हाला हाकलणारी आजी आता वाट बघत बसते.

साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावालाही नेलं त्यांना. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली एवढंच पोरांना माहीत होतं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावानेच स्वतःवर घालून घेतली आणि चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, हे त्या झाडांखाली उभं राहून ऐकताना पोरं गप्प झाली होती.

आता अडचण मे महिन्याची. परीक्षा संपल्या की वसतिगृह रिकामं होतं, आणि रोपांना पाणी तेव्हाच हवं. तुझ्या मुलाला आठवडाभर पाठव ना. राहायची सोय माझ्याकडे. टोपी आणि जुने बूट तेवढे बरोबर दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुभाष